समासातला ळ

शंकरनगर चौकाच्या मागे, जिन्याखाली,
तितरमारेंचं वाचनालय.
महिना साठ रुपये, दोन पुस्तकं,
उशीर झाला की रोज एक रुपया दंड.
मराठी कपाटं समोर. इंग्रजी मागे, मोरीच्या दाराशी,
आणि त्यातही सगळ्यात खाली, जिथे पोछा लागतो,
आयर्लंडच्या बायका.

गुलाबी, पिस्ता रंगाची कव्हरं,
त्यांवर उंच टाचेची चप्पल, नाहीतर उलटी झालेली छत्री.
आत दर पानाला पाऊस,
चार मैत्रिणी, एक बेकरी,
लग्नाच्या आठवडाभर आधी गायब झालेला नवरदेव,
आणि आई, जी फोनवर आधी हवामान सांगते
मग कोण वारलं ते.
माझी आई अमरावतीहून हेच करते.
फक्त हवामानाच्या जागी नळ.

मे महिना. शेहेचाळीस डिग्री.
ऑफिसातून आले की मॅक्सी घालून कूलरसमोर,
खसचा वास, पाय बादलीत, मांडीवर डब्लिन.
घटस्फोटाला दोन वर्षं होत आली होती
आणि लोकांनी चौकशी करणं नुकतंच सोडलं होतं;
तेही थोडं लागलंच मनाला.

पहिली नोंद पान अठ्ठावीसवर.
पेन्सिल, बारीक, समासात तिरकी:
"इतकं गोड बोलणारा माणूस हप्ते थकवतो."
मी एकटीच हसले. शोधत गेले.
"ओला टॉवेल पलंगावर. म्हणजे तिकडेही."
"नवऱ्याला सवड नाही म्हणे. टीव्हीला असते."
"हिच्या सासूला कुणी विचारलं का, तिला काय वाटतं?"

कथा राहिली बाजूला, मी समासच वाचू लागले.
ठरवून टाकलं, ही धरमपेठेतली कुणी मोकळी बाई,
स्कूटर लावून एकटी तर्री-पोहे खाणारी.
तितरमारेंना विचारलं, कोण नेतं हो ही पुस्तकं?
"वाचकाचं नाव आपण सांगत नसतो," म्हणाले,
आणि कानापर्यंत लाल झाले.
मला वाटलं, हेच लिहितात की काय.
दोन दिवस ते वाटणं मी तसंच राहू दिलं.

मग एका पुस्तकात, शेवटून तिसऱ्या प्रकरणात,
ती बॅग भरून दारात उभी,
तो रिमोट शोधतोय,
आणि समासात, पेन्सिल इतकी दाबलेली
की मागच्या पानावर उमटलेली:
"पळ पोरी, पळ."

तो ळ.
डावी गाठ लहान, उजवी फुगलेली.
नऊ वर्षं वाचला होता मी तो किराण्याच्या यादीत.
डाळ. गूळ. तांदूळ. जवळचा नको, इतवारीतला आण.
चिंचमलातपुरे मॅडम. माझी सासू.
सदरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली,
कोर्टात मुलाच्या बाजूच्या बाकावर बसलेली,
पर्स मांडीवर, तोंडातून शब्द नाही.
जिन्यात फक्त म्हणाली होती,
"दुपट्टा बांध डोक्याला, ऊन आहे."

मागच्या चिठ्ठीवरचा शिक्का पाहिला.
मी घर सोडलं त्याच्या चार महिने आधीचा.

कूलरमधलं पाणी संपलं,
पंप कोरडा घरघरत राहिला, मी उठले नाही.
मग पेन्सिल शोधली. खाली लिहिलं:
"पळाले, आई. पोचले. त्रिमूर्तीनगर, दुसरा माळा."

जुलैत पुस्तक फिरून हाती आलं.
"माहीत आहे. मंगळवारी तो नसतो. गोळाभात करते. ये."
आणि त्याखाली, दुसऱ्या कुठल्या दिवशीचं,
पेन्सिलीला नवं टोक काढून:
"तितरमारे तुझा दंड लावत नाही, रजिस्टर पाहिलं मी.
माणूस बरा वाटतो. घाई नको."

मी लिहिलं:
"कूलरमध्ये पाणी स्वतः भरतात का, ते आधी विचारा."